लंगरसाठी रोटी मशीन: कणीक, गॅस आणि पाळीपत्रक

आठवड्यातून एकदा, शंभर माणसांच्या आतला लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सामुदायिक जेवण, असेल तर हे मशीन घेऊ नका. तीनशेच्या वर पानं नेहमी उठत असतील तर जरूर घ्या, पण मशीन बसेल त्याच दिवशी कामाचं पाळीपत्रकही भिंतीवर लावा. तसं केलं नाही तर वर्षभरात लाटण्याच्या पाटावरच्या बायका घरी आणि मशीनपाशी चार पुरुष, असं चित्र होतं आणि त्यालाच सुधारणा म्हटलं जातं.

हे परीक्षण ताशी हजार पोळ्या काढणाऱ्या पूर्ण स्वयंचलित मशीनचं आहे. धुळे, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग येतात. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाणारे अनेक यात्रेकरू भुसावळ-जळगाव-मनमाड या रेल्वेमार्गाने जातात. गुरुद्वाऱ्यात आज पन्नास माणसं आणि उद्या दोन बस भरून चारशे, असं होऊ शकतं. मशीनचा मोह तिथूनच सुरू होतो. मंगल कार्यालयवाले आणि पोळी-भाजी केंद्र चालवणारे बचत गट हेच मशीन बघतात, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. कंपनीगणिक रंग आणि पाटी बदलते, सांगाडा एकच राहतो.

सांगाडा असा. एका टोकाला वर हॉपर, म्हणजे कणीक टाकायचं भांडं. त्याखाली रोलरची जोडी कणकेची सलग पट्टी काढते. पट्टी कटरच्या ड्रमखालून गेली की गोल चकत्या पुढे सरकतात, कातरण बाजूच्या ट्रेमध्ये पडतं. पुढे तीन मजली भट्टी: वरच्या पट्ट्यावर एक बाजू शेकते, मधल्यावर दुसरी, आणि खालच्या जाळीवर उघड्या ज्योतीवर पोळी फुगून टोपलीत घसरते. कणीक मळायचं यंत्र वेगळं असतं आणि कोटेशनमध्ये बहुतेकदा धरलेलं नसतं, ते आधी विचारा. गोळा दोन तापलेल्या तव्यांत दाबणारी अर्धस्वयंचलित प्रेस स्वस्त पडते, पण प्रत्येक गोळ्यामागे एक माणूस अडकतो. लंगरला तिचा उपयोग नाही.

आता कणीक. हाताच्या पोळीची सैल, लुसलुशीत कणीक या मशीनला चालत नाही. दहा किलो पिठाला सव्वापाच ते साडेपाच लिटर पाणी, पाव लिटर तेल, मळणी दहा-बारा मिनिटं आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं मुरवण. त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या साडेतीनशेच्या आसपास पोळ्या निघतात. खान्देशात लोकवन गव्हाचं चक्कीचं पीठ सर्रास वापरतात, ते उत्तम चालतं. फक्त चक्कीवरून आणलेलं गरम पीठ लगेच मळू नये. गरम पिठाला पाण्याचा अंदाज लागत नाही, कणीक अर्ध्या तासात सैल पडते आणि रोलरला चिकटते. जाड कोंडा राहिला तर पट्टी मधेच फाटते, म्हणून पीठ एकदा चाळून घ्यावं. एप्रिल-मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, माठातलं गार पाणी वापरा आणि दहा किलोपेक्षा मोठा घाणा मळू नका. बाहेरच्या कोरड्या हवेनं कणकेवर पापुद्रा धरतो, आतून ती आंबट होऊ लागते. पापुद्र्याचा तुकडा पट्टीत गेला की पोळीला तिथे भोक पडतं आणि ती फुगत नाही.

पोळी फुगली नाही की सगळे ज्योत वाढवतात. दोष बहुतेकदा वरच्या मजल्यावर असतो. पहिला पट्टा फार सावकाश फिरला तर वरची कातडी सुकते आणि वाफ धरून ठेवत नाही. रोलरची फट एका बाजूला जास्त असेल तर पोळी अर्धीच फुगते. दोन्ही टोकांच्या चकत्या वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या की लगेच कळतं. कडा चिरत असतील तर कणीक घट्ट आहे किंवा मुरलेली नाही. ज्योत पिवळी आणि पोळीवर काजळी दिसली तर बर्नरच्या हवेची झडप आणि भोकं बघा. पळथणाचं, म्हणजे चिकटू नये म्हणून लावलेलं, पीठ खाली पडून जळतं, भोकं बुजवतं आणि पोळ्यांना कडवट वास लावतं. कातरण पुन्हा मळायला टाकताना ताज्या कणकेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये, नाहीतर पोळी गार झाल्यावर चिवट होते. चौथ्या पंगतीला वातड पोळी का आली, याचं उत्तर सहसा इथे सापडतं.

गॅस ताशी अडीच-तीन किलो लागतो. एकोणीस किलोची व्यावसायिक टाकी सहा-सात तास जाते, पण एकाच टाकीवर चालवू नका. सतत मोठा उपसा झाला की टाकी गार पडते, अंगावर दव धरतं आणि दाब उतरतो. दोन टाक्या एकत्र जोडून, त्या स्वयंपाकघराबाहेर हवेशीर जागी ठेवाव्यात. वीज मधेच गेली तर पट्टा थांबतो आणि आतल्या पोळ्या जळू लागतात. अशा वेळी पहिला हात गॅसच्या मुख्य कॉकवर, दुसरा पट्टा हाताने फिरवायच्या दांड्यावर. दांडा नसलेलं मशीन खान्देशात तरी घेऊ नये.

आता माणसांचा हिशेब, कारण मशीन विकणारा तोच सगळ्यात मोठ्या आवाजात सांगतो. तीनशे माणसांना हजार पोळ्या लागतात. सरावलेला हात ताशी ऐंशी ते शंभर पोळ्या लाटतो, म्हणजे लाटायला दहाजण, लोहवर, म्हणजे लंगरच्या लांबरुंद लोखंडी तव्यावर, तिघं आणि कणकेला एक. मांडामांड-आवराआवर धरून पावणेदोन तास, एकूण चोवीस-पंचवीस मनुष्यतास. मशीनवर पाचजण लागतात: मळणीला, हॉपरला, भट्टीवर लक्ष ठेवायला एकेक, पोळ्या उचलून तूप लावायला दोघं. तापायला पंचवीस मिनिटं, पोळ्यांना एक तास, धुण्यापुसण्याला पाऊण तास. मिळून अकरा मनुष्यतास. तेरा-चौदा तास वाचतात, ही बचत खरी आहे. पण अडीचशे-तीनशे पोळ्यांच्या खाली तापवणं आणि धुणं एवढंच खाऊन टाकतं, हातात काही उरत नाही.

वाचलेले हात बहुतेक लाटण्यावरच्या बायकांचे असतात आणि नव्या पाच जागांवर बहुतेक पुरुष येतात. गॅस, मोटर, स्टार्टर ही नावं ऐकली की समिती आपोआप पुरुषांची नावं काढते, वाईट हेतूने नव्हे, सवयीने. खान्देशात ही सवय सगळ्यांच्या ओळखीची आहे. गावजेवणाची वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी पुरुष आचारी करतात, त्याची मजुरी घेतात. तीच बट्टी घरी केली की ते बाईचं काम ठरतं आणि त्याची किंमत कुणी धरत नाही. लंगरनं निदान हे मोडायला हवं, कारण लंगरच्या आठवणीत सगळ्यात ठळक नाव एका बाईचं आहे.

दुसरे शीख गुरु अंगद यांच्या पत्नी माता खीवी. गुरु ग्रंथ साहिबात पान ९६७ वर, बलवंड आणि सत्ता यांच्या वारेत, म्हणजे स्तुतिकाव्यात, त्यांचा नावानिशी उल्लेख येतो: भली बाई, दाट पानांच्या झाडासारखी सावली देणारी, जिच्या लंगरात तूप घातलेली खीर वाटली जाते. त्या फक्त पोळ्या लाटत होत्या असं तिथे कुठे नाही. लंगरची दौलत वाटणारी म्हणूनच त्या येतात. काय शिजवायचं, किती, कुणाला कमी पडता कामा नये, हे ठरवणारी बाई. म्हणून सरपण, किराणा आणि दसवंधातून, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या दानातून, येणाऱ्या धान्याची वही कुणाच्या हातात आहे, हे लंगर जोखायचं पहिलं माप. लाटण्याच्या पाटावर पुरुष बसले की फोटो छान येतो. वही मात्र अनेक ठिकाणी हलत नाही.

धर्माच्या बाजूने अडचण काही नाही. आसा दी वार या रचनेत गुरु नानक विचारतात की जिच्या पोटी राजे जन्मतात तिला हलकं का म्हणायचं. गुरु अमरदासांनी सती आणि पडदा दोन्हींना विरोध केला. सिख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्त्रीने तोंड झाकू नये असं स्पष्ट आहे, विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा आहे, आणि अमृत, म्हणजे दीक्षा, देणाऱ्या पाचांत स्त्रियाही असू शकतात हेही लिहिलेलं आहे. कडाह प्रशादासाठी, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या शिऱ्याच्या प्रसादासाठी, भांडं स्वच्छ हवं, गव्हाचं पीठ, साखर, तूप समभाग हवं आणि करताना बाणीचा, म्हणजे गुरुवचनांचा, पाठ हवा. करणारा पुरुषच हवा अशी अट नाही. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यात शीख स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. १९९९ मध्ये बीबी जागीर कौर शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये पंजाब विधानसभेला हरमंदिर साहिबात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, स्त्रियांना कीर्तन करू द्यावं अशी विनंती करणारा ठराव करावा लागला. मुभा कागदावर आहे आणि जागा रिकामी, असं किती काळ चालू शकतं त्याचा हा नमुना. स्वयंपाकघरात तेच होतं, म्हणून तोंडी 'कुणीही या, सेवा करा' पुरत नाही, लेखी पाळी लागते.

पाळीपत्रक साधं असावं. मशीनच्या पाच जागा, आणि मशीनबाहेरच्या सहा: दाल-भाजीची देग (मोठं पातेलं), वाढप, जल, भांडी, जोडा घर (चपला ठेवायची जागा), किराण्याची वही. दर महिन्याला प्रत्येक नाव एक घर पुढे सरकतं. कुठलीही जागा फक्त बीबींची (बायकांची) किंवा फक्त भाईंची (पुरुषांची) नाही. देगेवर नेहमी पुरुषच असतात कारण ती जड असते, ही सबब टिकू देऊ नये. पन्नास लिटरची देग कुणीच एकट्याने उचलायची नसते, तिला दोन कान त्यासाठीच असतात, आणि चाकांची गाडी लावली की प्रश्नच मिटतो. वही आणि किराणा खरेदीची पाळी निदान तीन महिन्यांची ठेवावी, नाहीतर शिकेपर्यंत बदली होते. भांड्यांच्या पाळीतून कुणालाही सूट नको, अध्यक्षांनाही नको. आपोआप सुटणारी जागा भांड्यांचीच असते, हे जिथे लंगर चालतो तिथे कुणालाही विचारा.

मशीनची घडणही यात आड येते, आणि परीक्षणात ती कुणी लिहीत नाही. हॉपरचं तोंड जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर असतं. पाच फूट उंचीच्या बाईला पंचवीस किलोचा कणकेचा गोळा तिथे टाकता येत नाही, मग 'बायकांना जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. आठ इंच उंचीचा, खडबडीत पत्र्याचा भक्कम पाट बसवा आणि कणीक पाच-पाच किलोचे तुकडे करून टाका. पुरुषांच्या कंबरेलाही तेच बरं.

दुसरी अडचण ओढणीची. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकलेलं हवंच. सैल ओढणी किंवा साडीचा पदर रोलरपाशी आला की धोका खरा आहे, त्याला सबब म्हणून उडवून लावू नये. उपाय मात्र बाईला हटवण्याचा नाही. डोक्याला घट्ट बांधलेला पटका किंवा केसकी (छोटी पगडी), अंगाला मागे गाठ मारायचा अॅप्रन, आणि हाच नियम मोकळी दाढी किंवा खांद्यावर परणा (उपरण्यासारखं कापड) असलेल्या पुरुषांनाही. हातातलं कडं मनगटावरून वर सरकवून बाहीच्या आत दाबावं, बांगड्या काढाव्यात. रोलर आणि साखळीवर जाळीचं झाकण असल्याशिवाय मशीन ताब्यात घेऊ नये. तातडीने थांबवायचं लाल बटण दोन्ही टोकांना हवं. अनेक मशीनला ते फक्त स्टार्टरच्या पेटीवर असतं, म्हणजे हॉपरवरच्या माणसाचा हात पोचत नाही. दुसरं बटण बसवायला इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस पुरतो. साखळीला तेल खाद्यपदार्थांना चालणारंच वापरा, गॅरेजचं ग्रीस नको.

मशीन काय करत नाही तेही सांगायला हवं. ज्वारी, बाजरी, मका आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाला चिकटपणा नसतो, त्याची पट्टीच निघत नाही. मक्की दी रोटी असो की भरताबरोबरची कळण्याची भाकर, ती थापणाऱ्या हाताचीच राहते. महिन्यातून एखाद्या लंगरला भाकरी असेल तर त्या दिवशी थापायला पुरुष शिकाऊ म्हणून बसवावेत. पहिल्या दिवशी त्यांच्या भाकरी नकाशासारख्या होतात, खाणाऱ्याला चवीत फरक पडत नाही.

ज्यांना मशीन परवडत नाही त्यांना जुनी लोह अजूनही उत्तम आहे. जाड पत्र्याची, खाली चार-पाच बर्नरची लोह स्थानिक लोहार करून देतो. पत्रा पातळ निघाला तर मधे फुगवटा येतो आणि पोळी एका जागी करपते, म्हणून दहा-बारा मिलिमीटरचा आग्रह धरा. लोहवरची आच चेहऱ्याला लागते. तिथली पाळी वीस मिनिटांची ठेवा, मग ती कुणाचीच शिक्षा होत नाही.

घराचा मुद्दा इथे येतोच. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. रविवारी लंगरात सकाळी सहाला पोचायचं असेल तर बाई चारला उठून घरचा डबा आटोपते आणि भाई अंघोळ करून निघतो. मशीनमुळे गुरुद्वाऱ्यातले दोन तास वाचले तरी तिचे घरचे दोन तास तसेच उरतात. त्यावर गुरुद्वाऱ्याकडून होण्यासारखं एवढंच: सकाळची पाळी घराला एक युनिट धरून लावू नये. नवरा पहाटेच्या पाळीला आणि बायको दुपारच्या, पुढच्या महिन्यात उलट. ज्या घरात लहान मूल आहे तिथे दोघांना एकाच वेळी बोलावलं की मूल कुणाच्या काखेत राहतं ते सांगायला नको. लंगर हॉलच्या कडेला सतरंजी टाकून मुलांची एक जागा करावी आणि तीही पाळीपत्रकात सेवा म्हणूनच मांडावी, पुरुषांच्या नावांसकट.

बचत गटांसाठी वेगळा सल्ला. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदानाची आणि गटातल्या सभासदाला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली होती. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत राबवली गेली. आज काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयातून खात्री करून घ्या. मुख्य गोष्ट कागदांची आहे. मशीनचं बिल, वीज जोडणी आणि बँकेचं खातं गटाच्या नावावर असावं. शेड एखाद्या सभासदाच्या नवऱ्याच्या जागेत असेल तर भाडेकरार लेखी, निदान कर्जाच्या मुदतीइतका. करार नसेल तर धंदा चालू लागल्यावर शेड 'घरच्यांना' लागते आणि मशीन अंगणात येतं. किरत, म्हणजे प्रामाणिक कष्टाची कमाई, करणं हे शीख जगण्याच्या तीन खांबांपैकी एक, आणि किरतीवर नाव करणाऱ्याचं असलं पाहिजे.

किंमत आकार आणि स्टीलच्या दर्जानुसार साधारण तीन ते सहा लाखांच्या घरात, मळणी यंत्र वेगळं. पोळ्यांचा दर्जा: गरम असताना चांगला, तासाभराने हातच्या पोळीपेक्षा उतरलेला. आवाज: पोळ्यांच्या बाजूला बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे वाहेगुरूचं सिमरन (नामस्मरण) करत पोळ्या लाटायची जी पद्धत आहे ती मशीनपाशी जमत नाही. काहींना हे फार जाणवतं.

ऑर्डर देताना चाचणी आपल्या चक्कीच्या पिठावर मागा, विक्रेत्याच्या मैद्यासारख्या गुळगुळीत पिठावर नको. निदान दोनशे पोळ्या सलग काढून घ्या, पहिल्या वीसवर भुलू नका. प्रशिक्षण दोन दिवसांचं लेखी घ्या, आणि शिकणाऱ्या सहा नावांत तीन बीबी असल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. बर्नर उघडून साफ करणं आणि रोलरची फट लावणं ही दोन कामं त्या तिघींकडून विक्रेत्याच्या माणसासमोर करून घ्यावीत. सुटे बर्नर दोन, जाळीच्या पट्ट्याचे जोड-कड्यांचे दोन संच आणि स्टार्टरचा एक कॉन्टॅक्टर सुरुवातीलाच घेऊन ठेवा. गुरुपुरबच्या, म्हणजे गुरूंच्या उत्सवाच्या, आदल्या रात्री हे सामान जळगावच्या बाजारात मिळेलच असं नाही.